माळढोक कागदावर उतरवताना

माळढोकाचं चित्र करायला बसलात, तर पक्ष्याला लगेच हात घालू नका. आधी माळ करा. हा पक्षी झाडावर बसत नाही, घरटंही बांधत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते आणि एकटीच उबवते. आज देशभरात मिळून दीडशेच्या आसपासच माळढोक उरले असावेत, तेही बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता तिथेही तो दिसणं दुर्मीळ झालंय. त्याचा माळ गेला तसा तोही गेला, म्हणून चित्रात मला दोघं एकत्रच हवेत. मिश्र माध्यमात माती आणि गवत खरंच वापरता येतं.

माळ

माती लावायची तर साधा कागद पोक काढतो. जाड माऊंटबोर्ड किंवा प्लायचा तुकडा घ्या. मुरमाड माती उन्हात वाळवून वस्त्रगाळ करा, फेविकॉलमध्ये निम्मं पाणी घालून त्यात ती कालवा आणि धिरड्याच्या पिठाइतकी सैल झाली की हाताने थापा. एकदम जाड थर दिला तर भेगा पडतात. दोन पातळ थर बरे. वरच्या थरावर ओला असतानाच चिमूटभर न चाळलेला मुरूम भुरभुरावा.

गवत जुन्या वहीत आठवडाभर दाबून, पुरतं वाळवूनच चिकटवा. ओलं राहिलं तर बुरशी धरते. माती-गवत गावच्या माळावरून किंवा शेताच्या बांधावरून आणा, अभयारण्यातून काहीही उचलू नका.

पाठ आणि मान

नर साधारण मीटरभर उंच, वजन १५ किलोपर्यंत. चित्रात हा भारदस्तपणा आला नाही तर तो बगळ्यासारखा दिसू लागतो. शरीर जवळजवळ आडवं, मान सरळ उभी, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. मादी लहान असते, तिचा पट्टा तुटक किंवा नसतोच.

पाठ हा या चित्राचा सगळ्यात सुंदर भाग. तपकिरी पिसांवर केसासारख्या बारीक, नागमोडी काळ्या रेघा असतात. त्या एकेक काढत बसण्यापेक्षा मी जुन्या मराठी वर्तमानपत्राचे छोट्या टायपाचे तुकडे फाडून पिसांसारखे एकावर एक लावते आणि वरून पातळ तपकिरी अॅक्रिलिक फिरवते. चार हातांवरून अक्षरं विरतात आणि पाठ उरते. खाली फेविकॉल असल्यामुळे जलरंग इथे धरत नाही. मग टाक शाईत बुडवून मोजक्याच रेघा ओढायच्या.

मानेला पांढरा हातकागद घ्या. कात्री नको, हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू मऊ पिसांसारखे दिसतात.

पाय

इथे चित्रं हमखास चुकतात. माळढोकाला मागचं बोट नसतं. तीनच बोटं, तिन्ही पुढे. फांदी पकडायला जे बोट लागतं तेच नाही, म्हणून हा पक्षी जमिनीचा. एक पाय गवतात लपवा, पण दुसरा स्पष्ट दाखवा.

खरी पिसं नकोत

माळढोक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं गळलेलं पीस सापडलं तरी चित्रासाठी उचलू नये. दुसऱ्या पक्ष्यांची पिसंही मी वापरत नाही. कागदात ते सगळं होतं.

तार

माळढोकाचे डोळे बाजूंना असतात, समोरचं त्याला फार कमी दिसतं. विजेची तार जवळ आल्यावरच कळते आणि एवढा जड पक्षी तेवढ्यात वळू शकत नाही. आज त्याच्या मृत्यूचं हे मोठं कारण आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधल्या त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलला.

चित्रात तार अगदी शेवटी येते. शिलाईचा एकेरी करडा दोरा पक्ष्याच्या डोक्यावरून आडवा ताणा आणि फक्त दोन्ही टोकांना चिकटवा. मधे तो कागदापासून जरा सुटा राहू द्या. लांबून तो दिसत नाही; उजेड बाजूने आला की त्याची बारीक सावली आभाळावर पडते.