फोडण्यासाठी घडविलेला तारा

एखादी वस्तू आठवडाभर खपून घडवावयाची, रंगीबेरंगी कागदांनी सजवावयाची आणि ती पुरती देखणी झाली की काठीने फोडून टाकावयाची, हा उद्योग ऐकणाराला वेडगळपणाचा वाटेल. वस्तुतः आपल्याला तो इतका परका वाटण्याचे कारण नाही. ज्या समाजात शाडूची मूर्ती मनोभावे घडवून दीड किंवा दहा दिवसांनी पाण्यात सोडली जाते आणि गोपाळकाल्याला फोडण्यासाठीच हंडी टांगली जाते, त्या समाजाला मोडण्यातही एक प्रकारची पूर्तता असते, हे निराळे सांगावे लागत नाही. श्रोतेहो, मेक्सिको देशातील ‘पिन्याता’ या खेळाची आज आपण ओळख करून घेऊ. ती नुसती माहिती म्हणून नव्हे. रद्दी कागद आणि कणकेची खळ एवढ्याच सामग्रीवर, मुलांच्या मदतीने, ही वस्तू आपल्या घरात कशी घडविता येते, हे मला प्रामुख्याने सांगावयाचे आहे.

पिन्याता म्हणजे आत खाऊ भरून उंच टांगलेले एक पोकळ पात्र. मुलाचे डोळे बांधावयाचे, त्याच्या हाती काठी द्यावयाची आणि त्याने अंदाजाने त्या पात्रावर प्रहार करावयाचा. पाळीपाळीने सारी मुले आपले नशीब अजमावतात. कोणाच्या तरी फटक्याने ते फुटते, खाऊचा वर्षाव होतो आणि तो वेचण्यासाठी एकच झुंबड उडते. शब्द इटालियन भाषेतून आलेला. तेथे ‘पिन्यात्ता’ म्हणजे मडके. युरोपात हा खेळ ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाशी निगडित होता आणि स्पेनमध्ये त्या काळातील पहिल्या रविवाराला ‘पिन्यातेचा रविवार’ असेच नाव पडले होते. १५२१ मध्ये मेक्सिकोची राजधानी स्पॅनिशांच्या हाती पडली आणि सैनिकांच्या मागोमाग धर्मोपदेशक आले. मेक्सिको शहराच्या ईशान्येस अकोलमान नावाचे गाव आहे. तेथील ऑगस्टीनपंथी मठवासीयांनी १५८६ च्या सुमारास हा खेळ नाताळच्या उत्सवात आणला, असे परंपरा मानते. मूळच्या रहिवाशांतही पिसांनी सजविलेले मडके देवतेपुढे फोडण्याची चाल होती, असे सांगतात. १६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री मेक्सिकोत ‘पोसादास’ म्हणून साजऱ्या होतात. मरियम आणि योसेफ यांनी बेथलेहेमात निवारा शोधला, त्याचे हे स्मरण. पिन्याता फोडणे हा त्या रात्रींचा मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विधी होय.

उपदेशकांनी या खेळात एक रूपक गुंफले. जुन्या घाटाच्या पिन्यातेला ताऱ्यासारखी सात टोके असतात. ती सात महापापांची निदर्शक. तिचा झगमगाट म्हणजे मोहाचे बाह्य रूप. डोळ्यांवरील पट्टी म्हणजे न पाहता ठेवलेली श्रद्धा, हातातील काठी म्हणजे सद्गुण, आणि वरून कोसळणारी फळे म्हणजे ईश्वरी कृपा. हे रूपक आज किती मुलांच्या ध्यानात असेल, कोण जाणे. पण त्यातील एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. काठी एकाची लागते. फळे मात्र सर्वांवर पडतात.

त्या फळांची यादी ऐकली तर महाराष्ट्रीय माणसाला एकदम बोरनहाण आठवेल. उसाचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, पेरू, संत्री आणि ‘तेहोकोते’ नावाचे एक पिवळट, आंबटगोड, लहानसे फळ हे पारंपरिक पिन्यातेचे भरण. आपल्याकडेही संक्रांतीनंतर तान्ह्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे आणि हलवा यांचा अभिषेक होतो आणि भोवतालची बाळगोपाळ मंडळी तो वेचून घेतात. या दोन चालींत नाते असल्याचा कोणताही पुरावा नाही. परंतु त्यातील जिन्नसांनी मात्र खरोखरच समुद्र ओलांडले आहेत. भुईमूग आणि पेरू अमेरिका खंडातून आपल्याकडे आले. ऊस आशियातून तिकडे गेला.

पूर्वी पिन्याता खरोखरीच मातीच्या मडक्याची असे. बाहेरून कागद चिकटवून तिला तारा, पक्षी किंवा गाढव यांचे रूप देत. तशी ती अजूनही काही ठिकाणी करतात. पण मडके फुटले की त्याची खापरेही खाऊबरोबरच मुलांच्या डोक्यावर आणि तळहाताखाली येतात. कागदाच्या लगद्याने हा धोका टाळला. फ्रेंच लोक या माध्यमाला ‘पापिए माशे’, म्हणजे ‘चघळलेला कागद’, म्हणतात. काश्मीरची कलमदाने आणि नक्षीदार डबे याच जातीचे. आपल्या आज्या-पणज्या भिजविलेल्या रद्दीत मेथ्या कुटून, तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करीत, त्याही याच कुळातील. पिन्यातेसाठी मात्र लगदा थापण्यापेक्षा कागदाच्या पट्ट्यांचे थर देण्याची रीत सोयीची. कवच पातळ आणि सर्वत्र सारखे राहते.

प्रथम काळाचा हिशेब करावा. समारंभापूर्वी निदान ६ दिवस काम सुरू झाले पाहिजे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, १० दिवस धरावेत. साहित्य थोडके आहे: सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचा एक बळकट फुगा, जुनी वर्तमानपत्रे, थोडा खाकी कागद, जाड पुठ्ठा, सुतळी, क्रेपचा किंवा पतंगाचा रंगीत कागद आणि खळ. खळीसाठी एक वाटी कणीक अथवा मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा आणि चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून तीन-चार मिनिटे ढवळावा. तो पारदर्शक दिसू लागला की पिठातील पिष्टकण फुलून चिकट झाले असे समजावे. बुरशी लवकर येऊ नये म्हणून चमचाभर मीठ घालावे. पुस्तके बांधणारे आपल्या खळीत कीड टाळण्यासाठी मोरचूद घालतात; येथे ते कदापि घालू नये. मोरचूद विषारी आहे, आणि या पात्रात खाऊ भरावयाचा आहे. खळ पुरती निवल्यावरच वापरावी, नाहीतर उष्णतेने फुगा फुटतो.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे राहतात आणि शेजारच्या पट्टीत मिसळून जातात; कापलेली कड मात्र पायरीसारखी उभी राहते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हे मुलांना मुद्दाम करून पाहू द्यावे. गिरणीत कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेला वळतात, त्याचा हा परिणाम. पट्ट्या तीन सेंटिमीटर रुंद असाव्यात. फुग्याला तेलाचे बोट लावून पहिला थर उभा द्यावा, दुसरा आडवा. असे केल्याने एका थराचे दुबळेपण दुसरा भरून काढतो. पहिला थर छापील वर्तमानपत्राचा आणि दुसरा खाकी कागदाचा घेतला, तर कोठे जागा राहिली ते चटकन दिसते. प्रत्येक पट्टी खळीत बुडवून दोन बोटांमधून निपटून काढावी. खळ अधिक झाली म्हणजे बळकटी अधिक येते, हा भ्रम आहे. फुग्याच्या गाठीभोवती आठ सेंटिमीटरचे तोंड मोकळे ठेवावे.

प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा द्यावा. येथे उतावीळपणा नडतो. घाईने उन्हात ठेवावे, तर फुग्यातील हवा प्रसरण पावून ओले कवच तडकते; म्हणून पहिले दोन थर सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. दुसऱ्या थरानंतर सुतळीचे दोन पदर, पार्सल बांधतो तसे, तळाखालून एकमेकांना छेदून वर तोंडापाशी आणावेत आणि तिसऱ्या थराने झाकून टाकावेत. पिन्याता फसते ती बहुधा याच ठिकाणी. दोरी नुसत्या भोकातून ओवली, तर पहिल्याच फटक्याला वरचा कागद फाटून सारे पात्र अखंड खाली येते आणि मुलांचा विरस होतो.

थर किती द्यावेत, हाच या कलेतील कळीचा प्रश्न. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी तीन, त्याहून मोठ्यांसाठी चार थर पुरेत. फार पातळ झाली तर ती पहिल्याच मुलाच्या हातून फुटते आणि बाकीचे खट्टू होतात. फार जाड झाली तर सारी मुले दमतात आणि शेवटी कोणातरी काकांना ती फोडावी लागते. अंगठ्याने दाबले असता कवच किंचित लवावे आणि पुन्हा पूर्ववत व्हावे, ही परीक्षा.

कवच वाळले की फुगा टोचून काढून घ्यावा. पुठ्ठ्याचे सात शंकू करून, त्यांच्या बुडाला चिरा पाडून बाहेर वळवावे आणि सहा सभोवार व एक तळाशी असे पट्ट्यांनी चिकटवावे. सजावटीसाठी रंगीत कागदाच्या सहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या घेऊन त्यांची एक कड निम्म्यापर्यंत बारीक कातरावी आणि त्या खालून वर, कौले शाकारतो तशा, चिकटवीत जाव्यात. प्रत्येक नवी झालर खालच्या पट्टीची चिकटवलेली कड झाकते. शंकूंच्या टोकांना कागदी गोंडे बांधले की तारा सिद्ध झाला.

या गोळ्यात सुमारे १४ लिटर मावेल. पण वजन दीड किलोपेक्षा वाढू देऊ नये. लाडू भरल्यास त्यांचा भुगाच हाती येईल. कागदात गुंडाळलेली चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, लहान संत्री, पेन्सिली, खोडरबर हे उत्तम. मुले चार वर्षांखालील असतील, तर शेंगदाणे आणि कडक गोळ्या वर्ज्य कराव्यात; त्या घशात अडकतात. आणि खाऊ त्याच दिवशी भरावा, कारण रात्रभर ठेवलेल्या खाऊचा पत्ता मुंग्यांना कोणी सांगावा लागत नाही.

फोडण्याच्या वेळी दोर फांदीवरून किंवा तुळईवरून घेऊन त्याचे टोक एखाद्या मोठ्या माणसाने धरावे, म्हणजे पिन्याता हवी तशी वरखाली करता येते. तीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून त्याबाहेर इतरांना उभे करावे. काठी हलकी, हातभर लांब आणि कापड गुंडाळलेली असावी. सर्वांत लहान मुलाची पाळी प्रथम, आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टी नको. प्रत्येकाला तीन फटके. सर्वाधिक धोका फुटण्यापूर्वी नसतो. तो फुटल्यानंतरच्या क्षणी असतो. पट्टी बांधलेला मुलगा काठी फिरवीतच असतो आणि बाकीची मुले धाव घेतात. म्हणून काठी प्रथम मोठ्याने हाती घ्यावी, आणि मगच ‘चला’ म्हणावे.

उरतो वाटपाचा प्रश्न, आणि निम्मे आयुष्य सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. निव्वळ झुंबडीत धटिंगणांच्या ओंजळी भरतात आणि एखादे बुजरे पोर हात हलवीत परत जाते. ज्या खेळाच्या रूपकात फळे सर्वांवर पडतात, त्याचा असा शेवट होऊ नये. यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येकाला एक छोटी पिशवी द्यावी आणि आठ वस्तू वेचून झाल्या की ज्याची पिशवी भरली त्याने न भरलेल्यास मदत करावी, असा नियम आरंभीच सांगावा. मुले नियम मोडतात ते बहुधा तो मागाहून सांगितला म्हणून.

काही पालक विचारतील, की मुलांनी एवढ्या कष्टाने केलेली वस्तू त्यांच्याच हातून फोडविणे निर्दयपणाचे नव्हे काय? ज्या मुलाने पट्ट्या फाडल्या, खळीत हात बरबटून घेतले आणि कवच वाळण्याची वाट पाहिली, त्याला त्या वस्तूची किंमत दुकानातून आणलेल्या खेळण्यापेक्षा अधिक कळलेली असते. फोडताना त्याचा हात क्षणभर अडखळतो. तो अडखळू द्यावा. घाई करू नये. मागे उरलेले कागदाचे तुकडे झाडून काढण्याचे काम मात्र, ज्यांनी ती घडविली त्यांनीच करावे, म्हणजे खेळ पुरा झाला.