रडार-सूचक ग्राहक : तत्त्व व मर्यादा

शत्रूच्या रडारचा स्पंद विमानापर्यंत पोहोचताना अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. रडारकडे परतणारा प्रतिध्वनी मात्र चतुर्थ घाताच्या. म्हणून रडारला विमान दिसण्यापूर्वीच विमानातील ग्राहकास सामान्यतः रडारची चाहूल लागते. निरनिराळ्या दिशांना रोखलेल्या अँटेनांतील तीव्रतांच्या तुलनेने दिशा कळते. वारंवारता, स्पंदाची रुंदी व पुनरावृत्तिकाल संग्रहित नोंदींशी ताडून रडारचा प्रकार ठरतो.

नोंद नसल्यास ओळख पटत नाही. ग्रहणपट्ट्याबाहेरील स्पंद तर जाणवतच नाही. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांना दीड मीटर तरंगलांबीच्या रडारची आगाऊ सूचना देणारा मेटॉक्स ग्राहक १९४३ मध्ये दहा सेंटिमीटरच्या रडारपुढे बधिर ठरला. कुडाळच्या दक्षिणेस, गोव्यातील दाबोळीहून उडणाऱ्या नौदलाच्या लढाऊ विमानांसही हाच नियम लागू आहे : ग्राहकाचे मौन म्हणजे निर्भयता नव्हे.