कपाशीचा बोरॉन, दाबाखालचे स्फटिक

कपाशीला पात्या लागल्या की यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ शेतकरी बोरॉनची पांढरी पूड पंपात विरघळवून फवारतात. ही पूड बोरेट खनिजांपासून बनते. या खनिजांची खरी गंमत अणूंच्या मांडणीत आहे! बोरॉनभोवती कुठे तीन ऑक्सिजन असतात, सपाट त्रिकोणात. कुठे चार, चतुष्फलकात. टाकणखारात दोन्ही निम्मे-निम्मे.

कोलेमनाइट या बोरेट खनिजाचा बारीकसा कण दोन हिऱ्यांच्या टोकांत धरून दाबत नेला, की वातावरणाच्या सुमारे १ लाख ४० हजार पट दाबाला त्याची रचना एकदम बदलते. काही त्रिकोणी बोरॉन चौथा ऑक्सिजन जोडून घेतात.

बोरेटवर नव्हे, पण आपल्या विदर्भातही असाच दाब पडलाय. लोणारला अशनीच्या आघाताने बेसॉल्टमधल्या फेल्डस्पारची काच झाली, मॅस्केलिनाइट. तिथे गेलात तर दगड जरूर पाहा, उचलून मात्र आणू नका.