बूटलोडरच्या पोटात : कर्नलच्या आधी डिस्क वाचतो कोण?

ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेक्चरला एक प्रश्न हमखास निघतो. डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर असतो कर्नलमध्ये. आणि कर्नल कुठे असतो? डिस्कवर! मग पहिल्यांदा डिस्क वाचणार कोण? आधी कोंबडी की आधी अंडं, त्यातलाच हा प्रकार. 'बूटलोडर' एवढा एक शब्द लिहून आपण दोन मार्क पदरात पाडून घेतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण बूटलोडरकडे काही जादूची कांडी नसते. त्यालाही डिस्क वाचायला ड्रायव्हरच लागतो. हे ड्रायव्हर कसे लिहिलेले असतात, गेल्या काही वर्षांत ते मुळापासून का बदलावे लागले आणि त्या बदलाची किंमत कोणी मोजली, ते या लेखात बघू.

पीसी आणि बोर्ड यांतला फरक

आपल्या रूमवरच्या पीसीमध्ये बूटलोडरचं काम तसं सोपं असतं. मदरबोर्डवरचं बायोस किंवा यूईएफआय आधीच जागं झालेलं असतं. बूटलोडर त्यालाच सांगतो, "अमुक सेक्टर वाचून दे बाबा." कष्ट दुसऱ्याचे, नाव याचं!

एम्बेडेड बोर्डावर असा तयार आचारी नसतो. तिथे प्रोसेसरच्या चिपमध्येच एक छोटा बूट रॉम असतो. तो एसडी कार्डाच्या ठरलेल्या जागेवरून एक लहानसा प्रोग्रॅम उचलतो आणि चिपच्या आतल्या चिमुकल्या एसरॅममध्ये टाकतो. या प्रोग्रॅमला एसपीएल म्हणतात. एसपीएल बाहेरची मोठी डीरॅम चालू करतो आणि पूर्ण बूटलोडर तिच्यात आणून ठेवतो. मग बूटलोडर कर्नल आणतो. म्हणजे एक बोर्ड चालू व्हायला कार्ड तीन वेळा वाचलं जातं, आणि त्यातल्या दोन वेळा ड्रायव्हर असतो बूटलोडरचा स्वतःचा.

हे ड्रायव्हर कर्नलमधल्या ड्रायव्हरइतके हुशार नसतात, आणि त्यांना असायचं कारणही नाही. सहसा इंटरप्ट नाही, थ्रेड नाहीत. कंट्रोलरला आज्ञा द्यायची आणि "झालं का? झालं का?" असं विचारत बसायचं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. कर्नलमध्ये बिघाड झाला तर निदान स्क्रीनवर काहीतरी उमटतं. इथे बिघाड झाला तर बोर्ड आणि पेपरवेट यांत फरक राहत नाही.

पाणबुडीची जुनी रचना

अशा बोर्डांवर सगळ्यात जास्त दिसणारा बूटलोडर म्हणजे यू-बूट. जर्मनीतल्या वोल्फगांग डेंक यांनी पॉवरपीसी प्रोसेसरसाठी 'पीपीसीबूट' या नावाने हा प्रकल्प सुरू केला. पुढे त्यात इतर प्रोसेसर आले आणि २००२ मध्ये नाव बदलून 'दास यू-बूट' झालं. जर्मन भाषेत यू-बूट म्हणजे पाणबुडी. बीगलबोन ब्लॅकसारख्या शिकण्याच्या बोर्डांपासून घरातल्या राउटरपर्यंत ही पाणबुडी जाऊन पोचली आहे. जीपीएल परवान्याखाली असल्यामुळे कोड कोणालाही बघता येतो.

सुरुवातीला बोर्ड मोजके होते, त्यामुळे रचनाही घरगुती होती. आयडीई, स्कझी, साटा, यूएसबी, एमएमसी अशा प्रत्येक प्रकाराचा संसार वेगळा. प्रत्येकाची आपली एक ग्लोबल यादी. वरून मागणी आली की कोणत्या यादीत शोधायचं, हे ठरवायला प्रीप्रोसेसरच्या 'इफडेफ'ची लांबच लांब माळ. प्रत्येक बोर्डासाठी एक हेडर फाइल, आणि तिच्यात कंट्रोलरचे पत्ते 'डिफाइन' करून ठेवलेले.

साटाचं उदाहरण घ्या. 'साटा सुरू कर', 'साटा वाच', 'साटावर लिही' अशा अर्थाची, आधीच ठरलेल्या नावांची फंक्शन्स प्रत्येक साटा ड्रायव्हरने लिहायची, असा रिवाज होता. एका बोर्डावर एकाच जातीचा कंट्रोलर असेपर्यंत काही अडलं नाही. पण दोन वेगळ्या जातींचे कंट्रोलर आले की? सी लँग्वेज शिकलेल्या फर्स्ट इयरच्या मुलालाही उत्तर येईल. एकाच नावाची दोन ग्लोबल फंक्शन्स, म्हणजे लिंकर एरर! दोन्ही ड्रायव्हर आपापल्या जागी बरोबर, तरी एका बायनरीत नांदायला तयार नाहीत. तोडगा म्हणून मग कोणीतरी आणखी एक 'इफडेफ' घालायचं. बोर्डांची संख्या शेकड्यांत गेली तेव्हा या ठिगळांची गोधडी झाली. एक धागा ओढला की भलतीकडचं ठिगळ उसवायचं.

नवी रचना : मेसचं कूपन

या गोंधळावर उपाय म्हणून 'ड्रायव्हर मॉडेल' आलं. सायमन ग्लास यांनी पुढाकार घेऊन केलेलं हे काम २०१४ च्या एप्रिलच्या आवृत्तीत यू-बूटमध्ये दाखल झालं. कल्पना लिनक्स कर्नलवरून ओळखीची आहे, फक्त इथे ती बारीक करून बसवली आहे. तिचे चार भाग समजले की पुरे.

पहिला भाग यूक्लास, म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या डिव्हाइसेसचा वर्ग. आपल्या मेसमध्ये आज आचारी कोण आहे हे आपण विचारत नाही. कूपन दिलं की ताट मिळतं. तसंच 'ब्लॉक' या यूक्लासचं आहे. अमुक नंबरच्या ब्लॉकपासून इतके ब्लॉक वाच, एवढंच वरच्या कोडला माहीत. खाली एसडी कार्ड आहे, साटा डिस्क आहे की पेन ड्राइव्ह, याची चौकशी फाइल सिस्टीमचा कोड करत नाही. ब्लॉक यूक्लास २०१६ मध्ये आला.

दुसरा भाग ड्रायव्हर. प्रत्येक ड्रायव्हर आपली वाचण्या-लिहिण्याची फंक्शन्स एका स्ट्रक्चरमध्ये पॉइंटरच्या रूपाने देतो. फंक्शन्स 'स्टॅटिक' असल्यामुळे नावांची मारामारी संपली. दोन काय, पाच जातींचे कंट्रोलरसुद्धा एका बायनरीत सुखाने राहतात.

तिसरा भाग डिव्हाइस ट्री. कंट्रोलर कोणत्या पत्त्यावर आहे, त्याचं क्लॉक कुठलं, ही माहिती कोडमधून काढून एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. ड्रायव्हर 'मी अमुक चिपशी जुळतो' असं जाहीर करतो, ट्रीमध्ये त्या चिपचं नाव सापडलं की दोघांची गाठ पडते. नवीन बोर्ड आला की ड्रायव्हरला हात न लावता नुसती ट्री बदलायची, असं निदान पुष्कळ वेळा जमतं.

चौथा भाग मला सगळ्यात आवडतो. गाठ पडणं आणि डिव्हाइस प्रत्यक्ष चालू करणं या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. पहिलीला 'बाइंड' म्हणतात, दुसरीला 'प्रोब'. यादीत नाव लागलं म्हणून लगेच हार्डवेअर जागं करायचं नाही. कोणी खरोखर वाचायला आलं की मगच प्रोब. माणूस पानावर बसल्याशिवाय तव्यावर पोळी टाकायची नाही, असा हा हिशेब! बोर्डावर चार कंट्रोलर असले आणि बूट एसडी कार्डावरून होणार असलं, तर बाकीच्या तिघांवर वेळ घालवायचा कशाला?

यातून मिळालं काय?

आता तुम्ही म्हणाल, जुन्या कोडनेही बोर्ड चालू होतच होते, मग एवढा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण देतो. यूएसबीच्या ओएचसीआय जातीच्या कंट्रोलरला रॅममध्ये एक छोटी जागा दिलेली असते. तो तिथे दर एक मिलिसेकंदाला फ्रेमचा नंबर स्वतःहून लिहीत राहतो, प्रोसेसरला न विचारता. पेन ड्राइव्हवरून कर्नल वाचला, त्याच्याकडे ताबा दिला, पण कंट्रोलर बंदच केला नाही तर? ती जागा आता कर्नलची झाली, हे कंट्रोलरला कोण सांगणार? तो बापडा आपला लिहीतच राहणार. कर्नल कधी चालणार, कधी कोसळणार, आणि चूक शोधणारा वेडा होणार.

जुन्या रचनेत यासाठी कर्नल सुरू करणाऱ्या कोडमध्ये 'यूएसबी बंद कर' ही ओळ मुद्दाम लिहून ठेवावी लागली होती. पण आज कोणकोणती डिव्हाइसेस चालू आहेत, याची एकत्र यादी कोणाकडेच नव्हती. ड्रायव्हर मॉडेलमध्ये ती आहे. 'मी रॅममध्ये थेट लिहितो' अशी खूण ड्रायव्हरला स्वतःवर लावता येते, आणि ताबा देण्याआधी यू-बूट ही यादी फिरून खूण असलेली डिव्हाइसेस थांबवतो. वॉचमनकाका रात्री सगळे दिवे तपासतात तसं.

नव्या हार्डवेअरलाही वाट सोपी झाली. २०१७ मध्ये एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर आला तो थेट नव्या मॉडेलमध्येच. तो ब्लॉक यूक्लासला जोडला की फाइल सिस्टीम, पार्टिशन वाचणं, सगळं आयतं मिळालं.

पण फुकट काहीच नसतं

आता नाण्याची दुसरी बाजू. एसपीएल चिमुकल्या एसरॅममध्ये राहतो, हे वर आलंच आहे. ऑलविनर ए१० या चिपचा बूट रॉम एसपीएलसाठी सुमारे २४ केबी एवढीच जागा गृहीत धरतो. त्यात डीरॅम चालू करायची, एसडी कार्डाचा ड्रायव्हर बसवायचा आणि वर थोडी शिल्लकही ठेवायची. अशा ठिकाणी डिव्हाइस ट्री वाचणारी लायब्ररीच जवळपास ३ केबी खाते, ट्रीचा आकार वेगळा. आपल्या लॅपटॉपवर ३ केबी म्हणजे काहीच नाही. इथे मात्र बोर्ड चालणार की नाही, ते त्यावर ठरतं.

यावर काढलेली युक्ती बघण्यासारखी आहे. ट्री बोर्डावर वाचायचीच नाही. कंपाइल करतानाच पायथनचा एक प्रोग्रॅम ती वाचतो आणि तिची सी स्ट्रक्चर्स तयार करून देतो. एसपीएलला शिजवलेलं अन्न मिळतं, चूल पेटवायची गरज नाही. अर्थात ड्रायव्हरमध्ये त्यासाठी थोडा वेगळा कोड लिहावा लागतो, म्हणजे कटकट कमी झाली तरी संपली नाही.

मुदत आणि गळालेले बोर्ड

सगळ्यात मोठा खर्च मात्र केबीत मोजता येत नाही. शेकडो बोर्ड जुन्या रचनेवर होते. ते बदलणार कोण? कोड बदलणं एक वेळ सोपं. बदललेला कोड त्या बोर्डावर चालतो का, हे पाहायला तो बोर्ड हातात असलेला माणूस लागतो. कोणाची कंपनी बदललेली, कोणाचा बोर्ड जळालेला, कोणाला आता वेळ नाही.

म्हणून प्रकल्पाने मुदती जाहीर केल्या. एमएमसीसाठी २०१९ च्या एप्रिलची आवृत्ती. यूएसबी, साटा आणि ब्लॉक यूक्लाससाठी २०१९ च्या जुलैची. जुन्या पद्धतीचा बोर्ड कंपाइल केला की मोठी ठळक सूचना यायची, की मुदतीत बदल झाला नाही तर हा बोर्ड काढून टाकला जाऊ शकतो. मुदत उलटली म्हणून दुसऱ्याच दिवशी कोणी कुऱ्हाड चालवली नाही. बोर्ड पुढची काही वर्षं हळूहळू गळत गेले. जुनं आयडीई घ्या, त्याच्या कोडची साफसफाई तर २०२३ मध्येही चालू होती.

हे योग्य झालं का? दोन्ही बाजूंना वजन आहे. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवायचं तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची, दोनदा तपासायची. तसं फार काळ चालत नाही. उलट, ज्याच्या कारखान्यात दहा वर्षांपूर्वीचा बोर्ड अजून मशीन चालवतोय, त्याच्यासाठी बोर्ड गळणं म्हणजे पुढच्या सगळ्या सुरक्षा दुरुस्त्यांना मुकणं. माझ्या मते मुदत घालणं बरोबरच होतं. पण एक गोष्ट यातून स्पष्ट दिसते. ओपन सोर्समध्ये हार्डवेअर जगतं ते कोणीतरी ते टेबलावर ठेवून चालवून बघतं म्हणून. कोड कितीही सुंदर असो, बघणारं कोणी नसेल तर तो बोर्ड गेलाच समजा.

आपण काय करू शकतो?

इथेच आपल्यासारख्यांना जागा आहे. सुरुवात करायला बोर्डसुद्धा लागत नाही. यू-बूटमध्ये 'सँडबॉक्स' नावाचं कॉन्फिगरेशन आहे. ते कंपाइल केलं की यू-बूट लिनक्सवर साध्या प्रोग्रॅमसारखा चालतो. एखादी डिस्क इमेज फाइल 'होस्ट बाइंड' या कमांडने त्याला जोडा, तिच्यातल्या फाइल्सची यादी मागा. मग 'डीएम ट्री' ही कमांड द्या. सगळी डिव्हाइसेस झाडासारखी दिसतील, आणि त्यातली प्रोब झालेली कोणती, तेही खुणेवरून कळेल. एखादी डिस्क वाचण्याआधी आणि वाचल्यानंतर ती कमांड देऊन बघा. वरचा पोळीचा दाखला डोळ्यांसमोर उभा राहील. ड्रायव्हर मॉडेलच्या चाचण्याही याच सँडबॉक्सवर चालतात, त्या वाचल्या तर पुस्तकापेक्षा जास्त कळतं.

पुढची पायरी म्हणजे खरा बोर्ड. लॅबच्या कपाटात जुने डेव्हलपमेंट बोर्ड पडून असतील तर सरांना किंवा मॅडमना विचारून बाहेर काढा. ताजा यू-बूट त्यावर चालतो का ते बघा. यूएसबी-सीरियल केबल मात्र हवी, कारण बूटलोडर बोलतो तो सीरियल पोर्टवरच. आणि प्रयोग करा तो वेगळ्या एसडी कार्डावर, बोर्डवरच्या फ्लॅशला हात लावू नका. एसडी कार्डावरून आधी बूट होणारा बोर्ड असेल तर काही बिनसलं तरी कार्ड काढलं की बोर्ड पूर्ववत.

बदललेला ड्रायव्हर एखाद्या बोर्डावर कोणी चालवून बघितला, तर यू-बूटच्या बदलाच्या नोंदीत 'टेस्टेड-बाय' म्हणून त्याचं नाव लागतं. त्यासाठी एक ओळही कोड लिहावा लागत नाही. एक बोर्ड, एक केबल आणि एक संध्याकाळ एवढी सामग्री पुरते. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय शोधत फिरणाऱ्यांनी तर याचा जरूर विचार करावा!