ऑक्टाव्हिया आरएस घेताय? कन्नड घाटासाठी मॅन्युअल बरी की ऑटोमॅटिक, आणि 'स्टेज १' करावं का?

कन्नड सोडून चाळीसगावकडे निघालं की थोड्याच वेळात औट्रम घाट लागतो. सोलापूर-धुळे महामार्गावरचा हा घाट मराठवाड्याच्या पठारावरून थेट खानदेशात उतरतो. इथे होणाऱ्या कोंडीमुळे आणि अपघातांमुळे प्रकरण कोर्टात गेलं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये घाटात अवजड वाहनांना बंदी घालण्यात आली.

याच जिल्ह्यात, शेंद्रा एमआयडीसीत, स्कोडाचा कारखाना आहे. २००१ पासून इथे ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. तिचंच जोरदार भावंडं म्हणजे 'आरएस'. जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही तरुण मंडळी आरएस शोधत असतात. गाडी सापडली की दोन प्रश्न हमखास येतात. गिअर कोणता? आणि पॉवर वाढवायची का?

मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

भारतात आलेली पहिली आरएस १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची होती. ताकद १५० पीएस आणि गिअरबॉक्स पाच स्पीड मॅन्युअल. २०१७ च्या आरएस २३० मध्ये २३० पीएस आले, पण क्लच पेडल गेलं आणि सहा स्पीड डीएसजी आला. २०२५ मध्ये आयात करून विकलेल्या १०० गाड्याही ऑटोमॅटिकच होत्या. म्हणजे इथे गिअर निवडणं हे बरंचसं गाडीचं वर्ष निवडण्यासारखं आहे.

डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. एक १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, तर दुसरा २, ४, ६. गाडी तिसऱ्यात असतानाच चौथा तयार ठेवलेला असतो, त्यामुळे गिअर क्षणार्धात बदलतो. वेगाचा विचार केला तर मॅन्युअल इथे मागे पडतो. मॅन्युअलची बाजू वेगळी आहे: रचना सोपी, दुरुस्ती तुलनेने स्वस्त आणि गिअर पूर्णपणे चालकाच्या हातात.

घाट उतरताना काय होतं?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच चाकांना मागे ओढतं. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. गिअर जितका खालचा, तितकी ओढ जास्त. वरच्या गिअरमध्ये उतरलं तर सगळा भार ब्रेकवर येतो. डिस्क तापतात, ब्रेक ऑइल उकळू शकतं आणि पेडल दाबूनही गाडी नीट थांबत नाही.

डीएसजी 'डी' मध्ये ठेवला तर तो सहसा वरचा गिअर पकडायला बघतो. म्हणून उतारावर मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल वापरून दुसरा-तिसरा गिअर धरून ठेवावा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरण्याची सवय तर दोन्ही बाजूंनी तोट्याची. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनपुरवठा बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं, आणि इंजिन ब्रेकिंगही हातचं जातं.

'स्टेज १' म्हणजे काय?

इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं, प्रोग्रॅमिंग बदलून टर्बोचा दाब वाढवणं. एकही पार्ट न बदलता टर्बो गाडीची ताकद यामुळे बरीच वाढते. पण आरएस २३० कंपनीतूनच ३५० एनएम टॉर्क देते. त्यावर आणखी टॉर्क वाढला की भार क्लचवर जातो. मॅन्युअल गाडीत क्लच सरकायला लागतो: आरपीएम वाढतात, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. डीएसजीत गिअरबॉक्सचं प्रोग्रॅमिंगही जुळवून घ्यावं लागतं आणि त्याचं ऑइल वेळेवर बदलावं लागतं. ताकद वाढली तरी ब्रेक मात्र जुनेच राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ईसीयूमधला बदल डोळ्यांना दिसत नाही, पण धूर आणि आवाजाचे नियम त्यालाही लागू आहेत. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर अपघातानंतर दावा अडकण्याचा धोका आहे.

मग घ्यायची कोणती?

रोज शहरातल्या ट्रॅफिकमधून जायचं असेल आणि दुरुस्तीचा खर्च झेपत असेल तर डीएसजी. जुनी, साधी गाडी स्वतः सांभाळायची हौस असेल तर मॅन्युअल. दोन्हींत पहिला खर्च चांगले टायर, ब्रेक पॅड आणि नवीन ब्रेक ऑइल यांवर करावा. हे तिन्ही झाल्याशिवाय 'स्टेज १' चा विचार करू नये.