वाकळेच्या टाक्याचा हिशेब



गळीत हंगाम आटोपतो, बॉयलर थंडावतो, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी जातात. मग आपल्या कार्यक्षेत्रात दुसरा एक हंगाम सुरू होतो. त्याची नोंद कुठल्याच दप्तरी होत नाही. उन्हं तापली की ट्रंकेतली जुनी लुगडी, धोतरं बाहेर निघतात आणि वाकळ शिवणाऱ्या आजींना निरोप जातो. कुणी वाकळ म्हणतं, कुणी गोधडी, ऊब एकच.

अशाच एका आजींजवळ आम्ही दोन दिवस बसलो. वय सत्तरीच्या पुढं. स्वतःची जमीन नाही, म्हणून कारखान्याचा शेअरही नाही. उन्हाळ्यात रानातली कामं कमी होतात, तेव्हा हाताला हे काम. शिकवलं कुणी, असं विचारलं तर म्हणाल्या, "सासूनं, बाबा. टाका वाकडा आला की समदी वळ उसवाया लावायची."

सकाळीच त्यांनी देवळाच्या ओवरीत जागा झाडून घेतली. खाली लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्यावर धोतर, फाटकी चादर, सदऱ्याचे तुकडे असे थर मांडले. जिथं कापड विरलेलं, तिथं थिगळ. वर पुन्हा लुगडं. हातानं सारख्या करून, कडा दुमडून त्यांनी काठापासून धावदोरा घालायला सुरुवात केली. चारी बाजूंनी फिरत फिरत टाका मधे येतो. दोन ओळींत अंतर बोटभर. आपण दोरी लावून सरी पाडतो, त्यांना दोरीही लागत नाही.

आम्ही सहज हिशेब केला. वाकळ सात फूट लांब, पाच फूट रुंद. बोटभर अंतरानं फुटात १५ ओळी, म्हणजे पाच फुटांत ७५. प्रत्येक ओळ सात फूट. सव्वापाचशे फूट हातशिलाई! एकटीला आठ-दहा दिवस लागतात. पाठ धरते, बोटाला घट्टे पडतात.

जुनं सुती कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, घाम टिपतं. त्याचंच बाळाला दुपटं होतं. आता घरात सुती लुगडी उरली नाहीत. "ह्या गुळगुळीत साड्या सुईखाली सरकत्यात. काम दुप्पट, आन् ऊब निम्मी," आजी म्हणाल्या. त्या दिवशीच्या वाकळेत मात्र एक हिरवं इरकली लुगडं होतं. घरधनिणीच्या वारलेल्या आईचं. आजींनी ते न विचारताच उशाकडच्या बाजूला घातलं. "डोकं टेकलं की आईच्या मांडीवर टेकल्यावानी वाटतंय," एवढंच बोलल्या.

पैशाचं विचारलं तेव्हा त्या हसल्या. "देत्यात की. ऊसबिल आलं की देत्यात."

सभासदहो, हे वाक्य आमच्या मनातून जाईना. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे आपल्या उसाचे पैसे १४ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. काट्यावर किलोचा फरक पडला तर आपण ट्रॉली हलू देत नाही. आणि सव्वापाचशे फूट टाका घालणाऱ्या बाईशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, वर "बिल आल्यावर बघू" म्हणतो. दुसऱ्यांना कशाला बोल लावायचा? आमच्याही घरच्या वाकळेचे पैसे गेल्या वर्षी दिवाळीपर्यंत राहिले होते. आजींनी आठवण केली नाही. आम्हीच विसरलो होतो.

आजींच्या दोन्ही सुना हे काम शिकल्या नाहीत. "एवढं वाकून मिळतंय काय?" असं त्या विचारतात. या प्रश्नाचं उत्तर आजींनी नव्हे, आपण द्यायचं आहे.

घटस्थापनेआधी घरोघरच्या वाकळा नदीवर, विहिरीवर धुवायला निघतील. वाळत घातलेल्या वाकळेवरून एकदा हात फिरवून बघा. यंदा नवी शिवून घ्याल, तेव्हा दर आधी ठरवा, सुती कापड जपून ठेवून द्या, आणि वाकळेची घडी घातली त्याच दिवशी पैसे आजींच्या हातावर ठेवा. घामाचा दाम वेळेवर मिळावा म्हणून आपल्या वाडवडिलांनी सहकार उभा केला. तो आपल्या उंबऱ्याच्या आतही पाळू या.