जामीन राहणे म्हणजे काय?

'अमक्याला जामीन मिळाला' असे आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. पण 'त्याला जामीन राहता का?' असे कोणी आपल्याच दारात येऊन विचारले की घरात शांतता पसरते. शहापुरात गल्लीतील मंडळी एकमेकांच्या अडचणीला धावून जातात, ही आपली जुनी रीत आहे. मात्र सही करताना आपण नेमके काय कबूल करतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वरच्या वर्गातील विद्यार्थी लवकरच अठरा वर्षांचे होतील आणि हा प्रश्न त्यांच्यापुढेही येईल. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

दोन जामीनक्या, दोन जबाबदाऱ्या

आपल्याकडे बहुतेकांना सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाची जामीनकी माहीत असते. तेथे कर्जदाराने हप्ते थकवले तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कोर्टातील जामीनकी वेगळी आहे. तेथे आपण कोणाचे कर्ज फेडण्याची हमी देत नाही, तर माणूस हजर राहण्याची हमी देतो. आरोपी प्रत्येक तारखेला कोर्टात येईल, आणि न आल्यास ठरलेली रक्कम मी भरीन, असे आपण लिहून देतो. आरोपीने स्वतः लिहून दिलेल्या कागदाला जातमुचलका म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोर्टाने ५० हजारांचा जामीन मागितला म्हणजे जामीनदाराने त्याच दिवशी ५० हजार रुपये मोजायचे, असे नाही. जामीनदार फक्त तेवढ्या रकमेचे हमीपत्र देतो आणि आपली तेवढी ऐपत आहे हे कागदपत्रांनी दाखवतो. त्यासाठी शेतीचा उतारा, घराचा उतारा व घरपट्टीची पावती, पगाराचा दाखला, ओळखपत्र, फोटो असे कागद लागतात. आपण यापूर्वी किती जणांना जामीन आहोत, हेही खरेखरे सांगावे लागते.

जामीन हक्क की मेहेरबानी?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा आरोपीचा हक्क आहे. गरिबीमुळे अटकेपासून आठवड्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर त्याला केवळ जातमुचलक्यावर सोडावे, असे कायदा सांगतो. अजामीनपात्र गुन्ह्यात मात्र कोर्ट परिस्थिती पाहून ठरवते.

हे ठरवणे किती वेगवेगळे होऊ शकते, याचे उदाहरण लोकमान्य टिळकांच्या चरित्रात आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आधी नाकारलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी दिला. त्या वेळी टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. १९०८ च्या खटल्यात तेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते, आणि त्यांनी टिळकांना जामीन नाकारला!

सीमाभागातील अडचण

आपल्या भागाच्या सीमा अनेकदा बदलल्या. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, तर शेजारचे बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात आलो. सोयरिकी मात्र चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरपर्यंत पसरलेल्या आहेत. मग मामाची जमीन चंदगड तालुक्यात असेल आणि भाच्याची केस बेळगावात, तर मामाचा जामीन चालेल का?

सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर १९७८ सालीच दिले आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याकडे १० हजारांचा जामीन मागण्यात आला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारण्यात आला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चुकीचे ठरवले व रक्कम १ हजारावर आणली. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातही सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असे सुचवले आहे. जामीन मंजूर होऊनही महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट आपणहून करू शकते. तेव्हा अशी अडचण आल्यास वकिलांमार्फत या निकालांकडे कोर्टाचे लक्ष वेधावे.

आरोपी आला नाही तर?

हमीपत्र जप्त होते आणि 'रक्कम का वसूल करू नये?' अशी नोटीस जामीनदाराला येते. ही नोटीस बाजूला टाकू नये. समाधानकारक कारण दिले नाही व रक्कम भरली नाही, तर ती दंडाप्रमाणे वसूल होते. वसुली झालीच नाही, तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. आरोपीच्या गुन्ह्याची शिक्षा मात्र जामीनदाराला कधीच होत नाही.

आरोपीचे वागणे बिघडत आहे असे दिसले, तर आपल्याला मोकळे करावे असा अर्ज जामीनदार केव्हाही करू शकतो. मग कोर्ट आरोपीला हजर करवते व दुसरा जामीनदार आणायला सांगते.

सही करण्यापूर्वी

भिडेखातर सही करू नये, आणि उगाच घाबरून नकारही देऊ नये. माणूस आपल्या माहितीतला आहे का, त्याचा ठावठिकाणा पक्का आहे का, हे पाहावे. तारखा स्वतःच्या वहीत लिहून ठेवाव्यात. कागद कन्नडमध्ये असेल व नीट वाचता येत नसेल, तर जाणकाराकडून वाचून घेऊनच सही करावी. अमेरिकेत पैसे घेऊन जामीन राहण्याचा धंदा चालतो. आपल्याकडे तसा मोबदला घेणे कायद्याला मान्य नाही, आणि खोटे उतारे देऊन जामीन राहणे हा गुन्हा आहे.

वकील परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य मदत मिळते. कोठडीत असलेल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे. केवळ जामीनदार नाही म्हणून एखादा कमावता माणूस हिंडलग्याच्या कारागृहात अडकला, तर त्याच्या मुलांची फी, घरचे रेशन, म्हाताऱ्यांचे औषध सारेच अडते. म्हणून आपली सही जपून द्यावी, पण जेथे विश्वास आहे तेथे अवश्य द्यावी, असे आम्हाला वाटते.